गुडघा दुखतोय? सीट हलवण्याआधी हे वाचा

नवी रोड सायकल घेतली, पहिले काही आठवडे मजेत गेले आणि मग एक गुडघा कुरकुरायला लागला. आम्ही सायकल माणसाच्या मापाला बसवून देतो, त्यामुळे ही तक्रार आमच्याकडे सतत येते आणि तिच्या मागोमाग एकच प्रश्न येतो: सीट वर घेऊ की खाली? याचं उत्तर आम्ही फोनवर का देत नाही आणि तोवर घरी काय करता येईल, ते एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

मिनिटाला ८५ फेऱ्यांच्या गतीने तासभर पेडल मारलंत, तर प्रत्येक गुडघा ५,१०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. चालताना पाऊल थोडं इकडेतिकडे पडतं, तेवढी सूट सांध्याला मिळते. इथे बूट पेडलला अडकलेला आणि सीट जागेवर घट्ट, त्यामुळे गुडघा तासभर जवळपास एकाच रेषेत फिरत राहतो. म्हणून पाच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसला नाही तरी गुडघ्याला कळतो.

आधी गिअर बघा

पाना हातात न घेताच बरे होणारे गुडघे आम्ही भरपूर पाहिलेत. नवीन माणूस बहुतेक वेळा जड गिअरवर असतो. मिनिटाला ५५-६० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत पायाचा सगळा जोर. वेग मिळतो, मांड्या भरून आल्या की व्यायाम झाल्यासारखंही वाटतं, पण भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. दोन गिअर हलके करा आणि फेऱ्या ८० ते ९० च्या घरात आणा. सुरुवातीला पाय उगाच फिरतायत असं वाटेल. वाटू द्या.

दुसरं म्हणजे अंतर. आठवडाभर वीस-वीस किलोमीटर आणि रविवारी ग्रुपबरोबर थेट ऐंशी, हे जमतं, कारण दम आणि स्नायू लवकर तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र त्या मानाने फार सावकाश तयार होतात. दुखणं अशा एखाद्या रविवारनंतरच सुरू झालं असेल, तर सीटला दोष देऊ नका.

बोट ठेवून दाखवा

नुसतं ‘गुडघा दुखतो’ यावरून काही कळत नाही. समोर, वाटीच्या भोवती किंवा वाटीच्या आत दुखत असेल आणि जिना उतरताना जास्त जाणवत असेल, तर पहिला संशय सीट खाली असल्याचा. पेडल वरच्या टोकाला येतं तेव्हा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि तशाच अवस्थेत जोर लावावा लागतो. सीट फार पुढे असली किंवा पायाच्या मानाने क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा, लांब असला, तरी हेच होतं. पाय दुमडतो त्या मागच्या बाजूला ओढ लागत असेल, तर उलटं: सीट उंच किंवा फार मागे. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर आम्ही आधी क्लीट, म्हणजे बुटाच्या तळव्याला लावलेला पेडलमध्ये अडकणारा तुकडा, बघतो. बाहेरच्या बाजूला मात्र उंच सीटवर कंबर डुलल्यानेही दुखू शकतं. हे सगळे ठोकताळे आहेत, निदान नव्हे.

सगळ्यांचा वेळ खाणारी चूक

ती म्हणजे एकाच संध्याकाळी तीन गोष्टी बदलणं. एक व्हिडिओ बघून सीट दीड सेंटिमीटर वर, दुसरा बघून मागे आणि मित्राने सांगितलं म्हणून क्लीट आत वळवलेली. दुखणं समोरून मागे सरकतं, मग सीट अंदाजाने पुन्हा खाली. अशी सायकल आमच्याकडे आली की आम्ही पहिलं विचारतो, मूळ माप काय होतं? उत्तर ठरलेलं: ‘आधी होतं तसंच होतं की!’ मग सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, जुन्या पकडीचा ओरखडा शोधा, बुटाच्या तळव्यावर आधीच्या क्लीटचा ठसा चाचपा. ठरलेल्या वेळेतला बराचसा वेळ यातच जातो आणि तो तुमच्याच खिशातून जातो.

शिवाय ही मापं एकमेकांत गुंतलेली असतात. सीटपोस्ट तिरका असतो, म्हणून सीट एक सेंटिमीटर मागे नेली की पायाच्या दृष्टीने ती साधारण तीन मिलिमीटर उंचही होते. तुम्हाला वाटतं एकच गोष्ट बदलली, गुडघ्याच्या दृष्टीने दोन बदललेल्या असतात.

तेव्हा हात लावण्याआधी सीटपोस्ट फ्रेममध्ये शिरतो तिथे चिकटपट्टीचा एक वेढा द्या. क्रँक ज्याभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत आणि सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत टेप लावून फोटो काढा. क्लीटभोवती मार्करने रेघ ओढा. मग एकच बदल करा, तोही तीन ते पाच मिलिमीटरचा, आणि त्यावर दोन-तीन हलक्या राइड होऊ द्या. त्या पट्टीचा आणखी एक उपयोग आहे. काही सीटपोस्ट धक्क्यांनी हळूहळू खाली घसरतात आणि मालकाला पत्ताही नसतो. पट्टी आत गेलेली किंवा चुरगळलेली दिसली की चोर सापडला. पण म्हणून बोल्ट वाटेल तसा आवळू नका. किती जोराने आवळायचा ते क्लॅम्पवर न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं, तेवढंच. कार्बन असेल तर नक्कीच.

सूत्र आहे, मग तुम्ही इतका वेळ का लावता?

पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे सीटची उंची, हे सूत्र आम्हालाही माहीत आहे. टाच पेडलवर ठेवून, पेडल खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा, ही युक्तीही चांगली आहे. घरी जरूर करून बघा, फक्त सायकलचे बूट घालून आणि कंबर न कलवता. पण सूत्राला तुमचा क्रँक १६५ मिलिमीटरचा आहे की १७५ चा, बुटाचा तळवा किती जाड, हे कळत नाही. आम्ही तुम्हाला आधी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, घाम येईपर्यंत चालवायला लावतो, कारण ताजेतवाने असताना सगळेच नीट बसतात. दमल्यावर माणूस सीटच्या टोकाकडे सरकतो, पंजा खाली झुकतो, आणि खरी बैठक तेव्हा दिसते. पेडल खाली असताना गुडघ्याचा वाक २५ ते ३५ अंशांत आहे का ते बघतो, एखादाच बदल करतो आणि तुम्हाला घरी पाठवतो. ‘एवढंच?’ असा चेहरा काहींचा होतो. एवढंच, म्हणूनच फेरतपासणी आम्ही त्याच शुल्कात धरतो.

क्लीटचे रंग नीट बघून घ्या. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्याला टाच आत-बाहेर फिरायला ६ अंशांची मोकळीक, निळ्याला २ आणि लाल पूर्ण घट्ट. लुक कंपनीच्या कीओ क्लीटमध्ये लाल सगळ्यात मोकळी, ९ अंश, करडी ४.५ आणि काळी घट्ट. लाल म्हणजे रेसची, असं समजून शिमानोची लाल नेऊ नका. गुडघा दुखत असताना कोणी ती मागितली तर आम्ही पिवळीच पुढे करतो.

गुडघा सुजला असेल, अडकत असेल, चालताना दगा देत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागला असेल, तर आधी डॉक्टर. आमची पाळी नंतर.

येताना रोजचे बूट आणि पॅडची रोजची शॉर्ट्स आणा. पॅडच्या जाडीनेही बसायची उंची बदलते. पेडल काढून ठेवली असतील तर तीही. सायकल चकाचक नसली तरी चालेल, पण आदल्या रात्री सीटला हात लावू नका. ज्या मापावर दुखतं तेच माप आम्हाला बघायचं आहे.