ट्रायथलॉन सायकल : ठाणे-नवी मुंबई परिसरातील निवडीच्या संदर्भात

ट्रायथलॉन शर्यतीच्या मधल्या टप्प्यासाठी घडवलेली सायकल. पोहून आल्यावर आणि धावायला निघण्यापूर्वी, पुढच्या कोणाचा आडोसा न घेता, ठरावीक अंतर कापणे हे तिचे काम. कोपरे टेकवण्याच्या गाद्या व त्यांच्यापुढे निघालेले दांडे (एरोबार), उभट सीट ट्यूब (सीटला आधार देणारी फ्रेमची नळी) आणि त्यामुळे पुढे सरकलेले शरीर या खुणांनी ती रोड सायकलहून वेगळी ओळखू येते. बोलताना तिला सर्रास ‘टीटी बाइक’ म्हणतात, पण दोन्ही एक नव्हेत. टाइम ट्रायलच्या, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी करायच्या शर्यतीच्या, सायकली आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांनी बांधलेल्या असतात. ६.८ किग्रॅ. हे किमान वजन आणि सीटचे टोक बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे हात ज्या आसावर फिरतात त्या फ्रेमच्या तळच्या सांध्याच्या) पुढे न जाणे, हे त्यांपैकी दोन प्रमुख नियम. ट्रायथलॉनमधील हौशी स्पर्धकाला हे बंधन नसते. ऑलिंपिक दर्जाच्या ज्या शर्यतींत मागे चिकटून चालवण्यास परवानगी असते, तेथे मात्र वाकड्या हँडलचीच सायकल लागते आणि ही सायकल चालत नाही.

उत्पत्ती : आधुनिक ट्रायथलॉनची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन दिएगोच्या मिशन बे येथे झाली. हवाईतील आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन १९७८ पासून. जवळपास पहिले दशक स्पर्धक साध्या रोड सायकलीच वापरत होते, त्यामुळे स्वतंत्र ‘ट्रायथलॉन सायकल’ केव्हापासून मानावी याबद्दल एकमत नाही. एरोबार हा आरंभबिंदू धरला तर श्रेय बहुधा बून लेनन यांना दिले जाते. ते स्कीइंगचे प्रशिक्षक. उतारावर स्की करणारा खेळाडू दोन्ही हात एकत्र आणून छातीपुढे धरतो, तीच ठेवण त्यांनी हँडलवर आणली. त्यांची रचना १९८७ च्या सुमारास स्कॉट कंपनीने बाजारात आणली. दुसरे मत असे की अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीत कोपरे टेकवण्याची हँडले त्याआधीच दिसली होती. १९८४ मधील जिम एलियट आणि १९८६ मधील पीट पेन्सेयर्स यांची उदाहरणे त्यासाठी दिली जातात. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र दिवसरात्र चालणाऱ्या त्या शर्यतीत हातांना विसावा मिळणे हीही मोठी गरज होती. हात अरुंद करून वारा कापण्याची कल्पना पूर्ण रूपात मांडून ती सर्वांच्या हाती दिली ती लेनन यांनीच, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. २३ जुलै १९८९ रोजी तूर द फ्रान्सच्या अखेरच्या २४.५ किमी.च्या टाइम ट्रायलमध्ये ग्रेग लेमाँड यांनी असे दांडे लावून लोराँ फिन्याँ यांच्यावरची ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि एकूण ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. ट्रायथलॉनपटू मात्र हे दांडे त्याआधीपासून वापरत होते.

दांडे आले तरी सायकल जुनीच होती. ७३ अंशांच्या सीट ट्यूबवर बसून कोपरे पुढे टेकवली की मांडी पोटाला भिडे आणि स्वार आपोआप सीटच्या टोकावर घसरे. यावर डॅन एम्पफील्ड यांनी १९८९ मध्ये क्विंटाना रू या नावाखाली ‘सुपरफॉर्म’ ही उभट सीट ट्यूबची सायकल काढली. संपूर्ण फ्रेमच कोपरांवरच्या बैठकीभोवती आखली गेली, म्हणून ट्रायथलॉन सायकलचा खरा प्रारंभ येथून धरणे योग्य ठरते. फ्रेमची उंची व लांबी बॉटम ब्रॅकेटपासून मोजण्याची ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ ही पद्धत रूढ करण्याचे श्रेयही एम्पफील्ड यांनाच जाते.

उभट बैठकीमुळे नंतरचे धावणे सुधारते का, हा वाद अजून संपलेला नाही. गारसाइड व डोरान या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७३ अंशांपेक्षा ८१ अंशांच्या बैठकीनंतर धावण्याची वेळ चांगली आली, विशेषतः पहिल्या अर्ध्या भागात. मात्र गट लहान होता. बैठक पुढे गेल्याने कंबरेचा कोन खुला राहतो आणि शरीर आडवे करूनही श्वास कोंडत नाही, एवढा लाभ नि:संशय आहे. खरेदी त्याच भरवशावर करावी.

मापे : सायकल निवडताना पहिला मान मापाचा. मध्यम बांध्यासाठीच्या फ्रेमचा स्टॅक साधारण ५०० ते ५४० मिमी. आणि रीच ४०० ते ४३० मिमी. असतो. निरनिराळ्या कंपन्यांचे ‘मीडियम’ एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आधी स्वाराची बैठक मोजावी आणि मग त्या आकड्यांची फ्रेम शोधावी. उलट क्रमाने गेल्यास गाद्यांखाली वीतभर ठोकळे रचण्याची वेळ येते.

मोजण्यासाठी सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारण्याच्या घोडीवर) चढवून दोन्ही चाकांचे आस एका पातळीत आणावेत. गवंड्याची पाणसळ यासाठी पुरते. सीटच्या टोकावरून ओळंबा सोडून तो बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून किती मागेपुढे पडतो ते टेपने मोजावे. रोड सायकलवर तो बहुधा ५ ते ८ सेंमी. मागे पडतो, ट्रायथलॉन सायकलवर शून्याच्या आसपास. दुभंगलेल्या, आखूड नाकाच्या सीटवर स्वार अगदी टोकाशी बसतो, त्यामुळे सीट बदलली की हे माप नव्याने घ्यावे लागते. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या उंचीसाठी जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाला ०.८८३ ने गुणून सुरुवात करावी. ८० सेंमी.ला ७०.६ सेंमी. येतात. क्रँक, म्हणजे पेडलचा हात, १७२.५ ऐवजी १६५ मिमी.चा घेतल्यास सीट ७.५ मिमी. वर घ्यावी, आणि गाद्याही तितक्याच वर, नाहीतर पाठ नकळत अधिक वाकते. आखूड क्रँकमुळे पाय वर आल्यावर मांडी पोटात शिरत नाही. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या स्वारांना हा बदल विशेष मानवतो.

नवख्याने गाद्या सीटच्या पातळीपासून फार तर ५ सेंमी. खाली ठेवाव्यात. कोपराचा कोन ९० ते १०० अंश असावा, म्हणजे धडाचा भार हाडांवर पडतो, स्नायूंवर नाही. बैठकीची कसोटी एकच : २० मिनिटे उठून न बसता शर्यतीच्या जोराने पेडल मारता आले पाहिजे. मान आखडत असेल तर गाद्या फार खाली आहेत, खांदे भरून येत असतील तर फार पुढे. अंग सतत पुढे घसरत असेल तर सीटचे नाक गरजेपेक्षा खाली झुकलेले असते. जांघेत बधिरपणा आल्यास तो सहन करू नये, सीट बदलावी. ५ फूट ३ इंचांखालील स्वारांनी लहान फ्रेमवर पेडल पुढे आणून हँडल वळवून पाहावे. बुटाचा चवडा पुढच्या चाकाला लागत असेल तर वळणावर पडण्याची भीती राहते.

वारा आणि वजन : जाहिरातीत वजन ठळक छापतात, कारण ते काट्यावर दाखवता येते. हिशेब वेगळेच सांगतो. वाऱ्याचा विरोध ‘सीडीए’ या गुणकाने मोजतात आणि त्यात सुमारे तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेची घनता घनमीटरला १.१५ किग्रॅ. धरली, तर ताशी ३५ किमी. वेगाला ०.३२ सीडीएसाठी १६९ वॉट खर्ची पडतात आणि ०.२६ साठी १३७. बैठक सुधारून ३२ वॉट वाचले. ताशी २५ किमी.ला हीच बचत १२ वॉटची. याउलट सायकलचे १ किग्रॅ. वजन सपाट रस्त्यावर ताशी ३५ किमी.ला अर्धा वॉटच घेते. ६ टक्के चढावर ताशी १२ किमी.ला ते २ वॉट घेते. शिवाय ७५० मिली.च्या दोन भरलेल्या बाटल्यांचेच दीड किग्रॅ. होते, आणि ९० किमी.च्या शर्यतीत त्या टाळता येत नाहीत. साडेआठ आणि साडेनऊ किग्रॅ.च्या दोन सायकलींपैकी जिच्यावर कोपरांवर तासन्‌तास राहता येते तीच वेगवान.

ठाणे-नवी मुंबईतील निवड : सरावाचा रस्ता पाहून तपशील ठरतात. वाशी ते बेलापूर हा सुमारे १० किमी.चा पाम बीच रस्ता सपाट आहे. एका अंगाला ठाणे खाडी आणि खारफुटी. पहाटे वारा पडलेला असतो, पण दुपारकडे पश्चिमेचा खारा वारा रस्त्याला आडवा येतो. खारफुटीच्या दाटीत तो जाणवत नाही. झाडी तुटते तेथे ८० मिमी. खोल रिमचे पुढचे चाक एकदम बाजूला ओढले जाते, आणि कोपरांवर असताना हात सुकाणूच्या आसाजवळ असल्याने ते आवरायला जोर अपुरा पडतो. ६० किग्रॅ.च्या आतील स्वाराने पुढे ४० ते ५० मिमी.च्याच रिम ठेवाव्यात, मागे खोल चालतील. येऊर आणि खारघर हिलच्या चढांसाठी पुढे ५० व ३४ दात्यांच्या दोन चक्रांचा क्रँक आणि मागे ३० दात्यांचे मोठे चक्र पुरते. घोडबंदर रस्त्याच्या उखडलेल्या पट्ट्यांवर २५ पेक्षा २८ मिमी. टायर बरा. ७० किग्रॅ.च्या स्वाराला ७० ते ८० पीएसआय हवा पुरते, मात्र टायरची कड धरून ठेवणारा हूक नसलेल्या रिमवर ७२.५ पीएसआयची मर्यादा ओलांडू नये, टायर निसटतो. वाहतूक सुरू झाल्यावर एरोबारवर राहू नये. ब्रेक हाताशी नसतात.

एक-दोन शर्यती झालेल्या नसतील तर आहे त्या रोड सायकलवर क्लिप-ऑन, म्हणजे हँडलवर वरून आवळायचे, दांडे लावणे शहाणपणाचे. सीट २ ते ३ सेंमी. पुढे व किंचित वर घ्यावी, स्टेम (हँडल फ्रेमशी जोडणारा तुकडा) आखूड लावावा. माथा चपटा असलेल्या कार्बन हँडलवर मात्र पकड बसत नाही. जोराने आवळल्यास हँडल चिरते.

पावसाळ्यात सराव घरात, ट्रेनरवर होतो आणि नुकसान तेथेच होते. घामाचे थेंब स्टेमवर पडून हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगमध्ये, उतरतात. गाद्या काढल्या की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते, स्क्रूच्या माथ्याला तांबेरा चढलेला असतो आणि अ‍ॅलन की फिरण्याऐवजी कड खाते. हँडलवर पंचा टाकावा, महिन्यातून एकदा स्क्रू काढून ग्रीस लावून बसवावेत. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नव्हे, खरखरीत पेस्ट लावावी आणि त्यावर लिहिलेल्या टॉर्कनेच, बहुधा ५ न्यूटन मीटरने, आवळावे. वायरी व ब्रेकच्या नळ्या आतून नेलेले एकसंध हँडल वारा कापते, पण त्याचे बेअरिंग बदलायला नळ्या सोडाव्या लागतात आणि ते काम दिवसभराचे होते.

गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या ७०.३ (एकूण मैलांच्या, अर्ध्या पल्ल्याच्या) आयर्नमॅनसाठी येथून जाणाऱ्यांना हे हँडल आणखी एका कारणाने नडते. ठाणे किंवा पनवेलहून कोकण रेल्वेने मडगावला नेताना सायकल खोक्यात बसवायची तर हँडल काढावे लागते. दांडे वेगळे निघणाऱ्या सायकलीवर चार स्क्रू सैल करून भागते. काढण्यापूर्वी सीटपोस्टवर व दांड्यांवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात, म्हणजे उतरल्यावर तीच बैठक मिलिमीटरपर्यंत पुन्हा बसवता येते. जुनी कार्बन सायकल विकत घेताना बॉटम ब्रॅकेटभोवती व सीट क्लॅम्पखाली बोटाच्या नखाने टकटक करून पाहावे. कडक आवाज मध्येच बोदा झाला तर ती फ्रेम घेऊ नये.