आरतीत न अडखळणारी जीभ

सोसायटीच्या गणपतीत यंदा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा टाळ्या वाजवत सगळ्या आरत्या खणखणीत म्हणत होता. प्रसाद देताना एका काकांनी त्याचं नाव विचारलं, आणि पहिला 'म' ओठांवरच अडकला. मान ताठ, डोळे मिटलेले. "आरती तर घडाघडा म्हटलीस की रे! मग नाव सांगायला कसली लाज?" काका हसत म्हणाले. प्रश्न अगदी नेमका होता. चुकलं ते फक्त त्यांनीच गृहीत धरलेलं उत्तर: लाज.

तोतरेपणाचं खापर आपल्याकडे जिभेवर फुटतं. जीभ जड आहे, चाटवा वेखंड. युरोप तरी कुठे मागे होता? 1841 साली बर्लिनचा नामांकित शल्यविशारद डीफेनबाख तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीएवढा तुकडा कापत होता, तेही भूल देण्याचं तंत्र रुळण्याआधी. पण जीभच जड असेल, तर आरतीपुरती ती हलकी कशी होते?

बोलताना कुठला ध्वनी कधी सोडायचा, ही वेळ मेंदूला आतल्या आत साधावी लागते. त्यात मोठा वाटा बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांचा. तोतरेपणात 'सोड आता' हा त्यांचा इशाराच वेळेवर पोचत नाही, असं अनेक संशोधक मानतात. शब्द ठाऊक असतो, ओठ तयार असतात, पण हिरवा दिवा लागत नाही. आरतीत मात्र ठेका बाहेरून मिळतो: टाळ्या, झांजा, शेजारच्या चाळीस जणांचा आवाज. मग मेंदू त्या अडलेल्या रस्त्याला वळसा घालून, लहान मेंदू आणि हालचाली आखणाऱ्या इतर केंद्रांकरवी काम उरकतो, अशी एक उपपत्ती आहे. म्हणूनच शाळेत प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर सुरळीत, आणि हजेरीला घसा बंद. एरवी अवघड शब्द आला की ही मुलं झटकन दुसरा घालतात. स्वतःच्या नावाला प्रतिशब्द कुठून आणणार?

यात कानही सामील आहे. 1950 साली बर्नार्ड ली यांनी दाखवलं, की स्वतःचा आवाज सेकंदाच्या साधारण पाचव्या भागाइतका उशिरा ऐकू आला, तर अस्खलित बोलणाराही अडखळतो. व्हिडिओ कॉलवर आपलाच प्रतिध्वनी आला की काय होतं, आठवा. गंमत म्हणजे 50 ते 75 मिलिसेकंदांचा उशीर अनेक तोतऱ्या माणसांना उलट मदत करतो. जणू सोबत दुसरं कुणी बोलतंय. त्यावर कानात घालायची यंत्रंही निघाली, पण बऱ्याच जणांत परिणाम पुढे ओसरतो. '21 दिवसांत हमखास' म्हणणाऱ्या जाहिरातींतही ठेक्यात बोलवून घेतलेलं वाक्य दाखवतात. ती आरतीचीच किमया. क्लासच्या दाराबाहेर ती टिकेलच असं नाही.

बाकी थोडक्यात: सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात होते, चारांतली तीन मुलं त्यातून आपोआप बाहेर येतात, प्रौढांत प्रमाण साधारण 1 टक्का उरतं, आणि त्यात पुरुष सुमारे चौपट. भित्रेपणा हे कारण नव्हे; भीती मागाहून येते, काकांसारख्यांच्या कृपेनं.

2025 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती तपासून तोतरेपणाशी निगडित 57 जागा जनुकसंचात सापडल्या. पुरुषांमधला सर्वांत ठळक दुवा व्हीआरके2 या जनुकाशी होता. हेच जनुक 2022 मध्ये एका वेगळ्याच अभ्यासात वर आलं होतं. तिथे सहा लाखांवर लोकांना एक साधा प्रश्न होता: तुम्हाला तालावर टाळ्या वाजवता येतात का?