जास्वंदीच्या पाकळीवरच्या रेषा जातात कुठे?

परसातल्या लाल जास्वंदीचे फोटो मला सकाळी लवकर काढावे लागतात. साडेसातला आई परडी घेऊन येते, "झालं का रे? पूजेला उशीर होतोय" म्हणते, आणि फूल गणपतीला जातं. डोळ्यांना त्या पाकळीवर केवढं काय दिसतं! देठाकडून कडेपर्यंत फाकत गेलेल्या शिरा, मुडपलेल्या कडेखालची सावली, रेशमासारखी चमक. मोबाइलवर मात्र अनेकदा नुसता लालभडक गोळा उरतो. पानं छान आलेली, मागची भिंतही छान, फक्त फूल हरवलेलं. माझा हात हलत असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं कारण वेगळंच आहे.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. आपल्यावर किती उजेड पडला, एवढंच तो मोजतो. म्हणून त्याच्या प्रत्येक सूक्ष्म ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट 1976 सालचं. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण बारकावे टिपताना आपल्या डोळ्याची भिस्त हिरव्या उजेडावर सर्वांत जास्त असते. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात.

आता जास्वंदीकडे वळू. तिच्या पाकळीतली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं निळा-हिरवा उजेड गिळतात आणि लाल तेवढा परत पाठवतात. त्यामुळे लाल ठिपके काठोकाठ भरतात, हिरवे-निळे जवळजवळ रिकामे राहतात. त्यात उजळपणाच्या हिशेबाची भर पडते. पडद्यांसाठीच्या प्रचलित मानकात उजळपणा काढताना हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा 7 धरतात. कॅमेराही ढोबळमानाने असाच विचार करतो. लाल ओसंडून वाहत असला तरी त्याच्या लेखी दृश्य अजून फारसं उजळ नसतं, म्हणून तो आणखी उजेड आत घेतो. नेहमीच्या फोटोत प्रत्येक रंगाची पट्टी 0 ते 255 अशी असते. लाल 255 ला टेकला की शीर आणि शिरेशेजारची जागा, दोन्हींचा आकडा एकच. तिकडे हिरवा आणि निळा शून्यापाशी. ज्या फरकांमधून रेषा दिसायच्या ते फरकच पुसले जातात, आणि नंतर फोटो कितीही काळा करा, त्या परत येत नाहीत.

म्हणून उपाय फोटो काढतानाच करायचा. पडद्यावर फुलावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. भोवतालचं थोडं अंधारतं, पण शिरा उमटतात. ढगाळ सकाळ असेल तर फारच उत्तम. उन्हात फुलावर छत्री धरूनही काम होतं, मी नेहमी तेच करतो.

निळ्या फुलांचं दुखणं निराळं. फिल्मच्या काळापासून मॉर्निंग ग्लोरी आणि अजेरेटमची फुलं फोटोत गुलाबीसर-जांभळी येतात, अशी ओळखीची तक्रार आहे. ही फुलं निळ्यासोबत लालच्या अगदी टोकाचा आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाशही परत पाठवतात. आपल्या डोळ्याला तो जवळपास दिसत नाही, फिल्मला मात्र त्या टोकाचा उजेड जाणवायचा. डिजिटल कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी काच असते, पण ती सगळंच अडवते असं नाही. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा. डोळ्यांना न दिसणारा दिवा बऱ्याच फोनवर लुकलुकताना दिसतो.

पण मॉर्निंग ग्लोरीच्या बाबतीत जांभळं दिसणं दर वेळी कॅमेऱ्याची चूक नसते! कळी खरोखरच जांभळट असते. फूल उमलताना पाकळीतल्या पेशींचा सामू (आम्लता-अल्कता मोजणारा आकडा, pH) सुमारे 6.6 वरून 7.7 वर चढतो आणि त्याच रंगद्रव्याचा रंग निळा होतो. जपानी संशोधकांनी हे 1995 साली मोजून दाखवलं. पहाटे कळी आणि सकाळी फूल, असे दोन फोटो शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

फूल देवाला गेल्यावर मी मागच्या जुन्या दाराकडे वळतो. तिथे रंगापेक्षा पोताला महत्त्व. उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे जोडून धरणारा पदार्थ, मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे राहतो सेल्युलोजचा करडा धागा. मऊ भाग आधी झिजतो, म्हणून कठीण रेषा उंचवट्यासारख्या वर राहतात. दारालगत जेमतेम 10 अंशांनी घासत येणाऱ्या उन्हात 1 मिलिमीटर उंचवट्याची सावली साडेपाच मिलिमीटरहून लांब पडते. ऊन 45 अंशांवर आलं की ती अवघी 1 मिलिमीटर उरते. झिजलेला शिलालेख वाचणारे टॉर्च बाजूने धरतात ते याचसाठी. समोरून मारलेला फ्लॅश या सावल्या खाऊन टाकतो, दाराचा फोटो त्याने काढूच नये.

त्याच दाराच्या कडी-कोयंड्यावरचा गंज पिवळट, नारिंगी, तांबडा असा दिसतो, कारण लोहाची ऑक्साइडं एकाहून अधिक प्रकारची असतात. पिवळसर-तपकिरी गोएथाइट आणि तांबडं हेमॅटाइट ही तर कोकणच्या जांभ्यातही आहेत. पाऊस पडून गेल्यावर हे रंग एकदम गडद होतात. पाण्याचा पातळ थर गंजावरून परतणारा उजेड आतल्या आत पुन्हा परावर्तित करतो, तो परत गंजावर आपटतो आणि दर खेपेला त्यातला आणखी थोडा शोषला जातो. बाहेर येतो तो कमी, पण जास्त गाळलेला रंग. कडी वाळेपर्यंत तो टिकतो, म्हणून सर ओसरली की मी आधी तिकडे धावतो.