वृद्धाश्रमातला छळ : कायद्याची नजर तिथवर उशिरा का गेली?

'नर्सिंग होम' म्हटलं की आपल्याकडे चौकातलं खासगी रुग्णालय आठवतं. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा रोखही आजाऱ्यांवर उपचार करणाऱ्या जागांवरच आहे. थकलेली माणसं वर्षानुवर्षं जिथे राहतात, त्या जागेला आपण वृद्धाश्रम म्हणतो, आणि तिथल्या छळाचा इतिहास म्हणजे बराचसा न पाहिल्याचाच इतिहास आहे.

1860 च्या भारतीय दंड संहितेत एक विसरलेलं कलम होतं, 491. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार जाणूनबुजून मोडला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. आता ते भारतीय न्याय संहितेत 357 वं कलम आहे. दंडाची मर्यादा 5,000 रुपये झाली, कैद तेवढीच राहिली.

वृद्धांच्या छळाकडे वैद्यकविश्वाचं लक्ष वळलं ते 1975 मध्ये. आजीबाईंना होणाऱ्या मारहाणीविषयी एका डॉक्टरांचं पत्र ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मुलांच्या छळावर तेव्हा दहा-बारा वर्षं चर्चा चालू होती, म्हाताऱ्यांची पाळी त्यानंतर आली. संस्थांच्या बाबतीत धडा मिळाला अमेरिकेत. 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या वृद्धांच्या आणि गरिबांच्या उपचारखर्चाच्या सरकारी योजना आल्यावर त्या पैशाच्या आधाराने शुश्रूषागृहं (तिथे हा शब्द म्हाताऱ्यांच्या कायम राहण्याच्या जागांसाठीही वापरतात) भराभर वाढली, आणि पाठोपाठ दुर्लक्षाच्या तक्रारीही. 1978 पासून प्रत्येक राज्यात रहिवाशांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल बंधनकारक झाला. 1987 चा कायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला खुर्चीला बांधणं किंवा गुंगीच्या गोळ्या देऊन गप्प ठेवणं त्याने निषिद्ध ठरवलं. तोवर या गोष्टी 'काळजी' म्हणून खपत होत्या.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आला. त्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः आईवडिलांना टाकून देणारी मुलं होती. मुलांकडून खर्चाला पैसे मिळवून देणारं निर्वाह न्यायाधिकरण, टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, हे सगळं घराभोवतीचं. वृद्धाश्रमांबद्दल त्यात आहे ते निराधारांसाठी जिल्ह्यामागे किमान 150 जणांच्या सोयीचं कलम, तेही राज्यांच्या इच्छेवर सोडलेलं. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांचा समावेश असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झालाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार अशा संस्थांतल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात रहिवाशांशी कोणत्या ना कोणत्या प्रकारे गैरवर्तन केल्याचं स्वतःच सांगितलं आहे. एकेका मावशीकडे रात्रपाळीला किती माणसं असतात, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. त्याने छळ माफ होत नाही, पण तो कुठून सुरू होतो ते कळतं.

म्हणून आजही पहिली राखण भेटायला जाणाऱ्यांचीच. माकडहाडावर किंवा टाचांवर पडलेले बेडसोअर, दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, कोरडी जीभ, तासन्‌तास न बदललेला डायपर, अचानक वाढलेली गुंगी, पेन्शनच्या खात्यातून न विचारता निघालेले पैसे. 'वयामुळे होतं' हे उत्तर ऐकून थांबू नये. डॉक्टरांकडून तपासून लेखी घ्यावं. भेटीची वेळ बदलत राहावी आणि आजी-आजोबांशी एकट्याने बोलावं. तारखेसह फोटो ठेवावेत. संस्थेला लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे; मारहाण झाली किंवा कोंडून ठेवलं असेल तर थेट 112.

मात्र तक्रार करण्याआधी त्या माणसाला विचारावं. आपण घरी परततो. त्याला रात्र त्याच हातांखाली काढायची असते. धोका दिसत असेल तर आधी त्याला तिथून हलवावं, अर्ज दुसऱ्या दिवशी लिहिता येतो.