डिव्हिडंडचा हिशोब आणि त्यावरचा टॅक्स

डिव्हिडंड म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून शेअरहोल्डरला दिलेला वाटा. मराठीत लाभांश, पण ठाण्यात काय नि वाशीत काय, बोलताना सगळे डिव्हिडंडच म्हणतात म्हणून इथेही तोच शब्द ठेवलाय. १ एप्रिल २०२० पासून हा पैसा ज्याच्या हातात येतो त्यालाच त्यावर टॅक्स भरावा लागतो, म्हणजे ‘इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस’ मध्ये दाखवायचा, पगार-पेन्शन-एफडीच्या व्याजात मिळवायचा आणि आपल्या स्लॅबप्रमाणे भरायचा. खालचे दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या, भारतात राहणाऱ्या माणसासाठीच्या आहेत.

पहिली गल्लत टक्क्यांची. कंपनीने ४५० टक्के डिव्हिडंड जाहीर केला हे ऐकून माणूस हरखतो, पण हे टक्के बाजारभावावर नसतात, फेस व्हॅल्यूवर (शेअरच्या मूळ दर्शनी किमतीवर) असतात. फेस व्हॅल्यू २ रुपये असेल तर ४५० टक्के म्हणजे शेअरमागे ९ रुपये, मग बाजारात तो शेअर ३०० ला असो नाहीतर ३,००० ला.

दुसरी गल्लत जास्त महत्त्वाची आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो: बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे तुमचं उत्पन्न नव्हे. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीकडे अशा एका कंपनीचे १,२०० शेअर आहेत. ९ रुपयांप्रमाणे झाले १०,८०० रुपये. पासबुकात एसीएच क्रेडिट म्हणून आले ९,७२०. मधले १,०८० कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) म्हणून कापून तिच्या पॅनवर सरकारकडे भरले. मावशी पासबुक घेऊन, पेन्सिलने खुणा करून, आलेल्या रकमांची बेरीज मारायची आणि तोच आकडा रिटर्नसाठी द्यायची. हे चूक आहे, उत्पन्न १०,८०० च धरायचं आणि १,०८० हा आधीच भरलेला टॅक्स म्हणून वेगळा दाखवायचा.

टीडीएसचा नियम असा की एका कंपनीकडून वर्षभरात १०,००० रुपयांपेक्षा जास्त डिव्हिडंड मिळाला तर १० टक्के कापतात, ही मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत ५,००० होती. पॅन नसेल किंवा आधारला लिंक नसल्यामुळे बंद पडलं असेल तर २० टक्के जातात. मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे मावशीला दुसरीकडून आलेले ७,५०० आणि तिसरीकडून आलेले ४,००० न कापता आले, आणि कापले नाहीत म्हणजे टॅक्स नाही असं तिला (आणि खूप जणांना) वाटतं. तसं नाहीये. तिचं डिव्हिडंडचं उत्पन्न २२,३०० आहे आणि ते सगळं दाखवायचं.

टीडीएस हा शेवटचा टॅक्सही नाही. मावशीची पेन्शन, व्याज, डिव्हिडंड सगळं मिळून १२ लाखांच्या बरंच खाली आहे, टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये (पद्धतीत) रिबेटमुळे, म्हणजे टॅक्समधल्या सुटीमुळे, तिचा टॅक्स शून्य होतो आणि रिटर्न भरल्यावर १,०८० परत मिळतात. तेच १,२०० शेअर तिच्या ऐरोलीला आयटीत असलेल्या मुलाच्या नावावर असते आणि तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असता तर त्याच १०,८०० वर ३,२४० टॅक्स, त्यावर ४ टक्के सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर), म्हणजे साधारण ३,३७० रुपये झाले असते; १,०८० कापलेले वजा करून आणखी २,२९० भरावे लागले असते.

ज्यांचा टॅक्स शून्यच येणार आहे त्यांनी कापूच नका म्हणून आधी सांगता येतं, आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत त्यासाठी ६० च्या पुढच्यांना फॉर्म १५एच होता, खालच्यांना १५जी. हा फॉर्म कंपनीला किंवा तिच्या रजिस्ट्रारला (शेअरहोल्डरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) दरवर्षी नव्याने द्यावा लागायचा, प्रत्येक कंपनीला वेगळा. बँकेत एफडीसाठी दिला म्हणजे इथे चालत नव्हता.

२०२० च्या आधी चित्र उलटं होतं. १९९७ साली आलेला डिव्हिडंड डिस्ट्रिब्युशन टॅक्स कंपनी स्वतः भरायची, मधलं २००२-०३ हे एक वर्ष सोडलं तर तो २०२० पर्यंत होता आणि शेवटी शेवटी सरचार्ज-सेस धरून २०.५६ टक्क्यांवर गेला होता. शेअरहोल्डरच्या हातात मात्र करमुक्त, फक्त २०१६-१७ पासून १० लाखांच्या वरच्या रकमेवर १० टक्के. ‘डिव्हिडंड टॅक्स फ्री असतो’ हे जुन्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय ते यामुळे. कमी स्लॅबवाल्यांसाठी आत्ताची पद्धत जास्त न्याय्य आहे असं मला मनापासून वाटतं, कारण आधी कंपनीने भरलेला टॅक्स मावशीसारखीला कधीच परत मिळत नव्हता.

कुठल्या वर्षात धरायचा? फायनल डिव्हिडंड बोर्ड मे महिन्यात सुचवतं पण तो जाहीर होतो एजीएममध्ये (शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत), सप्टेंबरअखेरच्या आत, म्हणून गणपतीच्या आसपास पासबुकात एकामागोमाग एक एन्ट्र्या दिसतात. नफा २०२४-२५ चा असला तरी एजीएम ऑगस्ट २०२५ मध्ये झाली तर उत्पन्न २०२५-२६ चं. वर्षाच्या मधेच दिलेला इंटरिम डिव्हिडंड मात्र जेव्हा हातात येण्यासारखा झाला त्या वर्षाचा. आणि शेअर रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला डिव्हिडंड) किमान एक ट्रेडिंग दिवस आधी घेतलेला पाहिजे, त्याच दिवशी घेतला तर डिव्हिडंड विकणाऱ्याला जातो.

खर्च वजा करायला फारसं काही नाही. शेअर घेण्यासाठी कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज, तेही डिव्हिडंडच्या २० टक्क्यांपर्यंतच (हे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचं), ब्रोकरेज किंवा डीमॅटचे चार्जेस नाहीत. म्युच्युअल फंडाच्या डिव्हिडंड ऑप्शनला १ एप्रिल २०२१ पासून आयडीसीडब्ल्यू म्हणतात, नाव बदललं, टॅक्स स्लॅबप्रमाणेच. टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त निघत असेल तर वर्ष चालू असतानाच हप्त्याहप्त्याने अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा (बिझनेसचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना माफ). डिव्हिडंड कधी येईल हे आधी कळत नाही म्हणून, आल्यानंतरच्या हप्त्यात टॅक्स भरला तर मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही, आणि याचसाठी रिटर्नमध्ये तो पाच कालखंडांत फोडून मागतात.

रिटर्न भरण्याआधी एआयएस (आयकर खात्याच्या साइटवरचं आपल्या उत्पन्नाचं वार्षिक पत्रक) उघडून कंपनीवार आकडे पासबुकाशी आणि कंपनीच्या मेलशी लावून बघायचे. मावशीच्या बाबतीत तिथेच कळलं की एका कंपनीचा डिव्हिडंड तिच्या एआयएसमध्ये नाहीच, कारण तो अजून वारलेल्या काकांच्या पॅनवर जात होता, डीमॅट जॉइंट होतं आणि पहिलं नाव त्यांचं. ठाण्यात वागळे इस्टेटमधून नाहीतर बेलापूर रोडच्या कारखान्यांतून रिटायर झालेल्या कितीतरी घरांत असे शेअर पडून आहेत, काही अजून कागदी सर्टिफिकेटवर. कागदी शेअरच्या फोलिओत (कंपनीकडच्या आपल्या खात्यात) पॅन, बँक खातं वगैरे अपडेट नसेल तर १ एप्रिल २०२४ पासून डिव्हिडंड अडकून राहतो, आणि सलग सात वर्षं न घेतलेला डिव्हिडंड आयईपीएफ या सरकारी फंडात जातो, सोबत ते शेअरसुद्धा. ते परत मागायला फॉर्म आयईपीएफ-५ भरावा लागतो.