सोडा-व्हिनेगरचा फेस आणि तुंबलेले सिंक

‘सिंक तुंबले, तर खाण्याचा सोडा टाकून त्यावर व्हिनेगर ओता, नळी मोकळी होते’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. जोरात येणारा फेस पाहून त्यावर विश्वास बसणे स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात सोडा आम्लारी आणि व्हिनेगर आम्ल असल्याने दोघे एकमेकांचा गुण मारतात, कार्बन डायऑक्साइड वायू वरच्या उघड्या तोंडातून निघून जातो आणि मागे उरते ते सोडियम अॅसिटेट या क्षाराचे साधे पाणी, ज्यात चरबी विरघळत नाही. कोल्हापुरी स्वयंपाकघरातील अडथळा तर बहुधा तांबड्या रश्श्याच्या गोठलेल्या कटाचा, म्हणजे वरच्या तेलकट तवंगाचा, आणि त्यात अडकलेल्या शितांचा असतो.

खात्री करायची असल्यास थंड रश्श्यावरचा घट्ट तवंग पेल्यात घेऊन त्यावर सोडा व व्हिनेगर घालावे. फेस बसल्यावर तवंग जवळजवळ जसाच्या तसा दिसेल. (उकळते पाणीही नको, कारण पीव्हीसीची नळी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते.)

त्याऐवजी सिंकखाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा पाणी साठून राहणारा भाग, हाताने फिरवून काढावा आणि आतला काळपट, चिकट थर जुन्या ब्रशने खरवडावा. त्यापूर्वी नळीत बाजारातील दाहक पावडर टाकलेली असेल, तर मात्र ट्रॅप उघडू नये, प्लंबरला बोलावून तसे आधीच सांगावे. ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी रेंगाळत असेल, तर अडथळा भिंतीतल्या नळीत आहे आणि तेथे स्प्रिंगची तारच लागते.