उवा काढायच्या की मारायच्या?

"हालू नको वं पोरी, एक सुटली त पन्नास करीन." आजीचं हे बोलणं आणि दोन अंगठ्यांच्या नखांत ऊ चिरडल्याचा 'टच्' आवाज, दोन्ही अजून माझ्या कानात आहेत. दुपारची जेवणं आटोपली की ओसरीवर जुनं पांढरं धोतर पसरायचं. त्यावर मान खाली घालून आम्ही बसायचो आणि आजी दोन्ही बाजूंनी बारीक दात असलेली लाकडी फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढायची. पांढऱ्या कापडावर पडलेली ऊ लगेच दिसते. फणीला दाद न देणारी लीख चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यायची. एका डोक्याला तासभर सहज जायचा, आणि घरात आम्ही चौघी बहिणी.

आजी करत होती ते काम फार जुनं आहे. ऊ आणि लीख हे आपले शब्द संस्कृतातल्या यूका आणि लिक्षा यांवरून आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ही मापं आहेत: आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव (जवाचा दाणा), आठ यवांचं एक अंगुल (बोटाची रुंदी). चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागात अंगावरच्या कृमींमध्ये यूका येते आणि उपाय सांगताना पहिला शब्द येतो तो 'अपकर्षण', म्हणजे ओढून काढणं. हाताने किंवा साधनाने. औषध त्यानंतर. इस्रायलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर एक वाक्य कोरलेलं आहे. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने निघून जावोत, असा त्याचा अर्थ. 2022 मध्ये ते वाचलं गेल्याची बातमी आली, तेव्हा मला आजीचीच फणी आठवली.

काढण्याऐवजी मारण्याचा काळ आला तो दुसऱ्या महायुद्धात. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्स शहरात दहा लाखांहून जास्त लोकांच्या अंगावर ही पावडर फवारून टायफस या जीवघेण्या तापाची साथ रोखली गेली. तो टायफस पसरवत होती कपड्यांतली ऊ. डोक्यातली ऊ असा रोग पसरवत नाही; ती खाज आणते आणि खाजवून जखमा झाल्या की त्या पिकतात. पण ऊ म्हटली की पावडर, हे समीकरण तेव्हापासून बसलं. 1953 मध्ये हिवतापाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटी आपल्या खेड्यांतल्या भिंतींपर्यंत पोचली. पुढे गॅमा बीएचसी (लिंडेन) हे कीटकनाशक डोक्याला लावायच्या लोशनमध्येही आलं. ते मज्जासंस्थेला घातक असल्याचं नंतर पुरेसं कळलं.

विदर्भात मात्र खरा बदल कापसाने केला. 1970 मध्ये एच-4 हा संकरित कापूस आला आणि त्याच्यामागून फवारणी वाढत गेली. 1980 च्या दशकात बोंडअळीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली. सुरुवातीला ती जादूसारखी चालली, मग अळीच त्यांना जुमानेनाशी झाली. हे आपल्या शेतकऱ्यांनी बांधावर उभं राहून पाहिलं आहे. उवांसाठी दुकानात मिळणारं परमेथ्रिन त्याच कुळातलं. जगात अनेक ठिकाणच्या उवाही आता त्याला दाद देत नाहीत. म्हणून औषध लावलं, तरी फणी हवीच.

याच फवारणीने घराघरात एक वाईट सवय आणली. कोठ्यात बाटली पडलेलीच असते, अळी मरते तर ऊ का नाही मरणार, असा सरळ हिशेब होतो. पोरीच्या टाळूला खाजवून झालेल्या जखमा असतात आणि शेतातलं विष कातडीतून थेट अंगात जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ती मोठी, राबलेली माणसं होती. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्याला ते औषध लावायचा विचारही करू नये. मातीतेलाचंही तसंच: वासाने गुदमरायला होतं, आणि चुलीजवळ बसलं तर केस पेटतात.

सीताफळाच्या बियांची पूड आमच्याकडेही वापरली जायची. ती उवांना मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते. माझ्या चुलत बहिणीला दोन दिवस डोळा उघडता आला नव्हता. ही पूड वापरूच नका, असं मी आता सांगते. करंजाचं, निंबाचं, मोहाच्या बियांचं तेल त्यामानाने सौम्य. तेलाने केस निसटते होतात, ऊ मंदावते आणि फणीत सापडते. मला त्याचा एवढाच उपयोग दिसतो.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि उवांच्या तक्रारीही पाठोपाठ येतात. मग आईला बोल लागतो, पोरीला मागच्या बाकावर बसवतात, कुठे केसच कापतात. माझ्या एका मैत्रिणीचे शाळेत असे कापले होते. ती आठवडाभर रुमाल बांधून आली, कोणाशी बोलली नाही. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती तितक्याच सुखाने राहते. आश्रमशाळेत एका गादीवर दोघी झोपतात तिथे पसरणार नाही तर काय होईल?

ऊ साधारण महिनाभर जगते आणि रोज काही अंडी घालते. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. हे गणित कळलं की कामाची पद्धत ठरते. केस ओले करून तेल किंवा कंडिशनर लावायचं, बारीक फणीने बटाबटांनी विंचरायचं, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. औषध लावलंच तर परमेथ्रिन 1 टक्का, दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि आठ-नऊ दिवसांनी पुन्हा, कारण लिखा वाचतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचं नाही. तिथे नुसती फणी. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासायची, आजीचंसुद्धा. कंगवे गरम पाण्यात टाकायचे. घरभर फवारायची गरज नाही, डोक्यावरून उतरलेली ऊ दीड-दोन दिवसांत मरते.